नदीत चाललेली पाचशे पोती

नमस्कार, श्रोतेहो.

अठरा-शेहेचाळीसचं, म्हणजे डीएपी खताचं, पोतं म्हणजे काय, हे शेतकरी श्रोत्यांना सांगायला नको. आणि जलपर्णी म्हणजे काय, हे पुणेकरांना सांगायला नको. उन्हाळ्यात मुळा-मुठेच्या पुलावरून खाली पाहिलं की पाणी दिसतच नाही, नुसती पानं. आज मी या दोन गोष्टींचं नातं सांगणार आहे. दोन्हींमध्ये एकच द्रव्य आहे, स्फुरद, म्हणजे फॉस्फरस. तुमच्या हाडांत, दातांत, शरीराच्या प्रत्येक पेशीत ते आहे, आणि त्याच्याशिवाय ज्वारीचं कणीसही भरत नाही.

पण हे स्फुरद माणसाला पहिल्यांदा सापडलं कसं, ती हकिगत आधी ऐका.

साल १६६९. इकडे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक व्हायला अजून पाच वर्षं होती. तिकडे जर्मनीत, हॅम्बुर्ग शहरात, हेनिग ब्रांड नावाचा एक किमयागार राहत होता. हलक्या धातूचं सोनं करणारा परीस शोधून काढायचा, हा त्याचा ध्यास. पैसा लागायचा तो त्याच्या बायकोचा, मार्गारेटाचा. तिच्या पैशावर भट्टी पेटत होती. विज्ञानाच्या इतिहासात अशा बायका फार आहेत, आणि पाठ्यपुस्तकांत त्यांना एक ओळसुद्धा मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मार्गारेटाचं नाव मी म्हणूनच घेतलं.

तर ब्रांडच्या डोक्यात आलं, की सोनं पिवळं आणि मूत्रही पिवळं, तेव्हा सोन्याचा अंश मूत्रात असणार. झालं! त्याने मूत्र गोळा करायला सुरुवात केली. बादली दोन बादल्या नव्हे, पिंपंच्या पिंपं. ते त्याने कुजू दिलं. घरात काय वास सुटला असेल, शेजाऱ्यांनी काय म्हटलं असेल, याची कल्पना करा! मग ते उकळायला घेतलं, आणि गुऱ्हाळात रस आटवतात तसं आटवत आटवत अगदी घट्ट केलं. तो काळा लगदा त्याने भट्टीत खूप तापवला आणि निघणारी वाफ पाण्यात सोडली. पाण्याखाली काहीतरी पांढरट, मेणासारखं साचलं.

सोनं नव्हतंच ते. पण रात्री अंधारात तो पदार्थ उजळत होता! दिवा नाही, ज्योत नाही, फिकट हिरवट उजेड मात्र येतोय. हवेत कोरडा राहिला तर आपोआप पेटही घ्यायचा. ब्रांडला वाटलं, परीस आता हाताशी आला. काही वर्षं त्याने ते गुपित जपलं, मग पैशाची चणचण आली आणि विकलं. विकत घेणाऱ्याने तो उजेड युरोपच्या राजदरबारांतून दाखवत फिरवला. १६७७ साली लंडनमध्ये राजासमोर त्याचा प्रयोग झाला. मोठमोठे विद्वान थक्क झाले.

श्रोतेहो, मला ही हकिगत सांगायला फार आवडते, कारण यात ब्रांडचं सोनं खरोखरच निघालं. फक्त ते सोनाराचं नव्हतं, शेतकऱ्याचं होतं. आपण अन्नातून जेवढं स्फुरद खातो, जवळजवळ तेवढंच रोज बाहेर टाकतो, आणि त्यातलं बरंचसं मूत्रातून जातं.

आता हिशेब करू. ढोबळच आहे, पण डोळे उघडणारा आहे. माणशी दिवसाला एक ग्रॅम स्फुरद धरा. २०११ च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून ४८ लाखांवर लोक होते. म्हणजे रोजचं जवळपास पाच टन स्फुरद. पन्नास किलोच्या डीएपीच्या पोत्यात निव्वळ स्फुरद असतं दहा किलो. म्हणजे पाचशे पोती! पुन्हा सांगतो, पाचशे पोती डीएपीमध्ये असतं तेवढं स्फुरद एका शहरातून रोज गटारात जातं. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांत त्यातलं थोडंच अडतं, कारण साधी केंद्रं मुळात त्यासाठी बांधलेलीच नसतात. मुळा-मुठा दौंड तालुक्यात भीमेला मिळते, आणि भीमा उजनी धरणात. तिथे हे खत शेवाळाला मिळतं, जलपर्णीला मिळतं. शेवाळ माजतं, रात्री पाण्यातला प्राणवायू संपवतं, आणि पहाटे मासे तडफडतात. चिलापी तग धरते, बाकीचे मागे पडतात. आणि हेच उजनीचं पाणी सोलापूर पितं.

नत्र, म्हणजे नायट्रोजन, हवेत उडून जातं आणि हवेतून परत येतं. स्फुरदाला ती वाट नाही. ते खडकातून मातीत येतं, मातीतून पिकात, पिकातून आपल्यात, आणि आपल्यातून पुन्हा मातीत जायला हवं. समुद्रात गेलेलं स्फुरद खडक होऊन वर यायला कोट्यवधी वर्षं लागतात. आपल्याकडे राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटड्याला स्फुरदाची खाण आहे, पण ती देशाला पुरत नाही. मोरोक्को, जॉर्डनसारख्या देशांतून बोटी भरून आणावं लागतं. विकत आणायचं, शेतात टाकायचं, खायचं आणि नदीत सोडायचं!

पूर्वी सोनखत, म्हणजे माणसाच्या मैल्याचं खत, शेतात जायचं, म्हणजे हे चक्र पुरं व्हायचं. पण ते दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही, कुणीच म्हणू नये. तो मैला माणसांनी डोक्यावरून वाहिलेला होता, आणि कुणी वाहायचा ते जातीने ठरवलेलं होतं. कायद्याने बंदी येऊनही गटारात माणसं अजून उतरवली जातात आणि मरतात. ते आधी थांबलं पाहिजे. स्फुरद परत आणायचं काम यंत्रांनी करायचं आहे, आणि ते जमतं. सांडपाण्यात मॅग्नेशियम घालून स्फुरदाचे खडे काढता येतात, त्यांचं खत होतं. मैल्याचा गाळ जाळून उरलेल्या राखेतूनही ते काढता येतं; हॅम्बुर्गमध्येच तसा कारखाना उभा राहिला आहे. आपल्या महापालिकांनी नवीन केंद्राची निविदा काढताना स्फुरद काढून घेण्याची अट घालावी, आणि नगरसेवक मतं मागायला आले की तुम्ही हे विचारावं.

घरी परसबाग असेल तर एक भाग मूत्र आणि दहा भाग पाणी असं मिसळून झाडाच्या बुडाशी घाला, पानांवर नको, आणि कच्च्या खायच्या पालेभाजीला नको. घरात कुणाला औषधं चालू असतील तर त्यांचं वापरू नका. भेंडी, वांगी, केळ, जास्वंद यांना ते चांगलं लागू पडतं.

नमस्कार.