दातावर हवा का मारतात?

नमस्कार, श्रोतेहो. दात तपासताना डॉक्टर मध्येच गार हवेचा फवारा मारतात आणि दात शिवशिवतो. पुष्कळांना ते नकोसं वाटतं. पण कीड वेळेवर सापडते ती बहुधा त्या हवेमुळेच.

कीड लागायला सुरुवात होते तेव्हा खड्डा नसतो. दातांवर साचलेल्या थरातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. तिथला पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा (तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त), साधारण 5.5 च्या खाली गेला, की इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणातली, खनिजं विरघळू लागतात. वरचा पापुद्रा शाबूत राहतो, आत मात्र बारीक छिद्रं पडतात. दात ओला असताना या छिद्रांत पाणी असतं आणि सगळं ठीकठाक दिसतं. पाचेक सेकंद हवा मारली की पाणी जाऊन तिथे हवा भरते, प्रकाश विखुरतो आणि हिरडीच्या कडेला खडूसारखा पांढरा डाग उमटतो. ओल्या दातावरही तो दिसत असेल, तर कीड आणखी खोल गेलेली असते.

या टप्प्यावर ड्रिल लागत नाही. फ्लोराइड, नीट ब्रश आणि सारखं गोड खाणं बंद, एवढ्यावर कीड थांबू शकते. दुखत मात्र काहीच नाही, कारण इनॅमलमध्ये नसाच नसतात. 'दुखलं की दाखवू' म्हणणाऱ्यांची मला म्हणूनच फार काळजी वाटते.

पूर्वी दाढेच्या खाचेत टोकदार प्रोब, म्हणजे तपासणीची बारीक सळई, दाबून बघायचे. अडकला की कीड. ही पद्धत आता योग्य मानत नाहीत, आणि ते बरंच झालं. अरुंद खाचेत टोक निरोगी दाढेतही अडकतं, आणि दाबल्यामुळे तो नाजूक पापुद्रा फुटून खरोखरच खड्डा पडू शकतो. आता गोल टोकाचा प्रोब अलगद फिरवतात. पृष्ठभाग खरखरीत आणि निस्तेज असेल तर कीड बहुधा चालू आहे. गुळगुळीत, चमकदार असेल तर थांबलेली. काळा डाग दिसला म्हणून लगेच घाबरू नका, अनेकदा तो नुसता रंग असतो.

दोन दाढांच्या फटीत नजर पोचत नाही. तिथे फिल्म किंवा सेन्सर चावून धरायला लावून एक्स-रे काढतात. अगदी सुरुवातीची कीड त्यातही येत नाही, आणि जी दिसते ती प्रत्यक्षात थोडी जास्तच पसरलेली असते. पुढच्या दातांना मागून प्रकाश दिला तरी काम भागतं. किडलेल्या जागी सावली दिसते. कीड ओळखायचं लेझरचं यंत्रही असतं; ते कीड किती याचा आकडा दाखवतं, पण डाग किंवा साचलेला थर असला तरी तो आकडा वाढतो. त्यामुळे केवळ आकड्यावरून दात कोरायला घेऊ नये.

शंका असेल तर डॉक्टर नोंद करून ठेवतात आणि पुढच्या भेटीत तीच जागा स्वच्छ करून, हवा मारून पुन्हा बघतात. डाग चकचकीत झाला असेल, तर त्याला हात लावत नाहीत. खड्डा पडून तिथली घाण ब्रशनं निघेनाशी झाली असेल, तर मात्र दात भरून घ्यावा लागतो.