वाईच्या गच्चीवर ८ पॅनेल

(दृश्य: वाई. कृष्णेच्या घाटावरची सकाळ. एका घरापुढून विजेवरची गाडी आवाज न करता निघते.)

वाई ते सातारा, जाऊन-येऊन ७० किलोमीटर. महिन्यातले २४ दिवस या गाडीचा हाच रस्ता. पेट्रोल सुटलं, पण विजेचं बिल नुसतं वाढलं नाही, वरच्या टप्प्यात जाऊन बसलं. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांना एकेक पायरी चढतो. मग घरात विषय निघाला सोलरचा. बसवायचा, पण किती किलोवॅटचा?

पहिलं उत्तर शेजारून आलं. गाडीची बॅटरी ४५ युनिटची, तर रोज ४५ युनिट देणारा बसवा. म्हणजे ११ किलोवॅट! टाकी हजार लिटरची आहे म्हणून घराला रोज हजार लिटर पाणी लागतं, असं म्हणण्यातलाच हा प्रकार.

(दृश्य: वहीच्या पानावर पेन्सिलीनं आकडे.)

हिशेब धरायचा तो गाडी किती पळते त्याचा. महिन्याला साधारण १,७०० किलोमीटर. एका युनिटला ७ किलोमीटर धरले तर २४० युनिट. चार्जिंगमध्ये दहावा हिस्सा वाया जातो, म्हणून २७० धरू. घराचे १८०. झाले ४५०, वर्षाचे ५,४००. आपल्याकडे एक किलोवॅट वर्षाला तेराशे-चौदाशे युनिट देतो. म्हणजे ४ किलोवॅट. ५४० वॅटची ८ पॅनेल.

केंद्राच्या सूर्यघर योजनेचं अनुदान ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांवर थांबतं. चौथा किलोवॅट आपल्याच खिशातून.

(दृश्य: पसरणीचा घाट ढगात. गच्चीवर पाऊस.)

जुलैत हेच ४ किलोवॅट दिवसाला जेमतेम ८-१० युनिट देतात. तेवढ्यात एकट्या गाडीचंही भागत नाही. एप्रिलात मात्र २०च्या आसपास. शिवाय ऊन असतं तेव्हा गाडी साताऱ्यात उभी. ही सगळी तोंडमिळवणी नेट मीटर करतो: दिवसा युनिट जमा, रात्री खर्च, आणि हिशेब मार्चअखेरीला. तेव्हा उरलेल्या युनिटांना मिळणारा दर आपण भरतो त्याहून बराच कमी असतो. म्हणून ‘असू दे जास्तीचं’ म्हणून पॅनेल वाढवण्यात फायदा नाही.

एक गैरसमज मात्र जाता जात नाही. लाइट गेली तर भर दुपारीही हा सोलर बंद पडतो. खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छपरावरच्या विजेचा झटका बसू नये, म्हणून इन्व्हर्टर आपणहून थांबतो. तेव्हा गाडीही चार्ज होत नाही.

खाली पार्किंगमध्ये १५ अँपिअरचा प्लग, वेगळी जाड वायर, चांगलं अर्थिंग. दिवसभराचं पळणं चारेक तासांत भरून निघतं. त्याआधी मंजूर भार, म्हणजे घराला एका वेळी किती वीज ओढता येते ती मर्यादा, वाढवून घ्यावा लागला.

(दृश्य: गच्ची. पाण्याच्या टाकीची सावली सरकत जाते.)

सावलीसाठी एक अख्खा दिवस गेला. दर तासाला खडूनं रेघ मारायची. पॅनेल एका माळेत जोडलेली असतात. एकावर सावली पडली की बाकीच्यांनाही त्याचा फटका बसू शकतो. टाकीपासून लांब, दक्षिणेला तोंड करून आठ मावली. नववंही मावत होतं.

तेवढ्यात आजी वर आल्या.

“आणि माझ्या कुरडया कुठं वाळायच्या?”

(दृश्य: आठ पॅनेल. शेजारी उन्हात पांढरं धोतर, त्यावर कुरडया.)