तेवीस नंबरची शिडी

नमस्कार श्रोतेहो.

रेडिओवर बोलायचं म्हटलं की मला फार मोकळं वाटतं. पाठीमागे पडदा नाही, हातात रिमोट नाही, "मागच्यांना दिसतंय ना?" असं विचारायची भानगड नाही. तंत्रज्ञानाच्या परिषदांमध्ये मी बरीच वर्षं भाषणं देते आहे. तिथे बोलणाऱ्या माणसापेक्षा पडद्याचाच तोरा मोठा असतो. आज त्या भाषणांबद्दलच बोलायचंय. भाषण देण्याबद्दल थोडं, आणि दिल्यावर ते इंटरनेटवर ठेवण्याबद्दल जरा जास्त.

आता कुणी म्हणेल, भाषण झालं, टाळ्या झाल्या, संपलं की! पुढे कशाला ते जपायचं? तर एक जुनी गोष्ट सांगते. ९ डिसेंबर १९६८. सॅन फ्रान्सिस्कोला संगणकवाल्यांची परिषद होती. तिथे डग्लस एंगलबार्ट यांनी नव्वद मिनिटांचं प्रात्यक्षिक दाखवलं. माउस, एका मजकुरातून दुसऱ्या मजकुरात नेणारे दुवे, लांबच्या सहकाऱ्याबरोबर एकाच पडद्यावर काम करणं, हे सगळं एका बैठकीत. आणि संगणक तिथे नव्हताच! तो होता तीसेक मैलांवर मेन्लो पार्कला, मायक्रोवेव्हच्या जोडणीवर. मला इथे लॅपटॉपपासून प्रोजेक्टरपर्यंतची वायर वेळेवर लागत नाही. असो. समोर हजारेक माणसं होती म्हणतात. पण तुम्ही-आम्ही ते आजही बघू शकतो, कारण त्याचं चित्रण करून ठेवलेलं होतं. लक्षात घ्या, चित्रण करून ठेवलेलं होतं.

आता माझी गोष्ट. ही मी सांगणारच होते, निर्मात्यांनी "पाच मिनिटांत आवरा" असं बजावलंय तरी.

काही वर्षांपूर्वी एका परिषदेत माझं चाळीस मिनिटांचं भाषण होतं. विषय होता कॅश. रोकड नव्हे हं, संगणकातला कॅश, लागणारी माहिती जवळ साठवून ठेवायची जागा. सकाळचं पहिलंच सत्र. मी आपली लवकर पोचले, तर सभागृहात मंचाच्या मधोमध ही भली मोठी शिडी! छताला टांगलेल्या प्रोजेक्टरचं चित्र तिरकं पडत होतं आणि एक दादा वर चढून ते सरळ करत होते. खालून तिघंजण तीन वेगवेगळ्या दिशांना "अजून थोडं, अजून थोडं" म्हणत होते. दादा शांत. वीस मिनिटं ते वर आणि मी खाली.

शेवटी चित्र सरळ झालं. मी भाषण दिलं, बरं झालं, आणि त्याच आठवड्यात स्लाइडची पीडीएफ करून इंटरनेटवर टाकली. आयोजकांनी व्हिडिओही टाकला.

माझ्या स्लाइड कशा असतात हे इथे सांगायला हवं. मोठं चित्र, फार तर दोन शब्द. स्लाइडवर परिच्छेद लिहून तेच वाचून दाखवणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. लोकांना वाचता येतं, अहो! आणि शेवटची "धन्यवाद" लिहिलेली स्लाइड, ती कशाला? धन्यवाद तोंडाने म्हणावेत. त्या स्लाइडवर भाषणाचा दुवा ठेवावा, प्रश्नोत्तरं संपेपर्यंत लोकांना तो उतरवून घेता येतो.

तर दोन वर्षांनी मला एक ईमेल आली. अनोळखी माणूस, फार अदबीने लिहिलेलं. "मॅडम, आमच्या ऑफिसात तुमच्या स्लाइड बघून आम्ही कॅश समजून घेतला. फक्त तेवीस नंबरची स्लाइड कळली नाही. त्यावर नुसती शिडी आहे."

नुसती शिडी! मी पीडीएफ उघडली. तेवीस नंबर. खरंच की, शिडी. एक शब्दही नाही. आणि श्रोतेहो, मलाही आठवेना की मी तिथे काय बोलले होते!

म्हटलं, व्हिडिओ आहे ना. व्हिडिओ लावला. बावीसाव्या स्लाइडपर्यंत छान. तेवीसावी आली आणि आवाज गेला. कॉलरच्या माइकची बॅटरी संपली होती! पुढची चार मिनिटं मी पडद्याशेजारी उभी राहून अगदी मन लावून हातवारे करतेय, शिडीकडे बोट दाखवतेय, लोक हसतायत असं दिसतंय, आणि आवाज शून्य. मग कुणीतरी हातातला माइक आणून दिला, तोवर पंचविसावी स्लाइड.

पुढे त्या ईमेलमध्ये त्यांनी स्वतःचा अंदाजही लिहिला होता. "आमच्यात यावर वाद झाला. शेवटी असं ठरलं की प्रत्येक पायरी म्हणजे एक कॅश. सगळ्यात खालची पायरी ब्राउझरची, ती आपल्या हाताशी. तिथे माहिती नसेल तर वरची, सर्व्हरवरच्या कॅशची. तिथेही नसेल तर अजून वर. अगदी वरती डेटाबेस. जितकं वर जाल तितकी दमछाक. बरोबर ना, मॅडम?"

इतकं सुंदर मला सुचलं असेल? मी दोन दिवस त्या समजुतीत काढले. खोटं कशाला बोलू!

मग जुन्या लॅपटॉपवर मूळ फाइल सापडली. पीडीएफ नव्हे, मूळ फाइल. त्यात प्रत्येक स्लाइडखाली वक्त्याच्या टिपणांची जागा असते, ती फक्त बोलणाऱ्याला दिसते. तेवीसाव्या स्लाइडखाली मी लिहिलं होतं: "शिडीवाल्या दादांचे आभार. विसरू नये."

झालं! कॅश नाही, पायऱ्या नाहीत. सकाळी फोनवर काढलेला फोटो मी घाईघाईत मध्येच घुसवला होता, आभार मानायला.

यात तांत्रिक गोम काय, तर पीडीएफ करताना टिपणं सहसा गळून पडतात. फक्त चित्रं जातात. टिपणांसकट छापायचा पर्याय निवडावा लागतो, तो मी निवडला नव्हता. म्हणून पुन्हा सांगते, पीडीएफ करताना टिपणं गळतात. सभागृहात चित्राला तुमचा आवाज जोडीला असतो, इंटरनेटवर तो नसतो. तेव्हा ठेवण्यापूर्वी प्रत्येक स्लाइडखाली दोन ओळी लिहा. दोनच ओळी पुरतात.

आता बाकीचं भराभर, कारण काचेपलीकडून घड्याळ दाखवतायत.

श्रोत्यांचा प्रश्न माइकवर परत म्हणून मगच उत्तर द्या. रेकॉर्डिंगमध्ये फक्त माइकचा आवाज येतो, प्रश्नाच्या जागी नुसती शांतता ऐकू येते. आणि "माझा प्रश्न नाही, एक निरीक्षण आहे" असं म्हणून उठणाऱ्यांचं तर काहीही रेकॉर्ड झालं नाही तरी चालेल.

प्रत्यक्ष प्रात्यक्षिक करणार असाल तर आधी त्याचं रेकॉर्डिंग करून जवळ ठेवा. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोला, खुद्द बिल गेट्स मंचावर असताना विंडोज ९८ स्कॅनर जोडताक्षणी बंद पडलं आणि बिघाडाचा निळा पडदा दाखवून मोकळं झालं होतं. सभागृहात हशा झाला आणि ती चित्रफीत लोक अजून बघतात. तिथे तसं होतं, तर आपलं काय!

व्हिडिओ टाकण्यापूर्वी एकदा स्वतः पूर्ण बघा. लाज वाटते, तरी बघा. पडद्याच्या कोपऱ्यात पासवर्ड दिसत नाही ना, कुणा ग्राहकाचं नाव दिसत नाही ना. आपोआप तयार होणारी उपशीर्षकं हाताने दुरुस्त करा, तांत्रिक शब्दांचं ती पार वाटोळं करतात. ऐकू न येणाऱ्यांचं सगळं भाषण त्या ओळींतच असतं. आणि इतरांनी वापरावं असं वाटत असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे आपलं काम इतरांनी कुठल्या अटींवर वापरावं हे सांगणारा, कुठला परवाना आहे ते पहिल्याच स्लाइडवर लिहा. दुसऱ्याचं चित्र घेतलं असेल तर त्याचं नाव त्या चित्राखालीच द्या.

हां, त्या ईमेलचं राहिलं. मी त्यांना खरं काय ते कळवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "मॅडम, आता उशीर झाला. नव्या मुलांना कॅश शिकवताना आम्ही फळ्यावर शिडीच काढतो."

तेव्हापासून माझ्या त्या भाषणात शिडी दोनदा येते. एकदा पायऱ्यांवर ब्राउझर, सर्व्हर, डेटाबेस असं लिहिलेली, खाली ती कल्पना कुणाची ते नमूद करून. आणि एकदा नुसतीच, दादांसाठी. तिच्याखाली आता दोन ओळी आहेत.

नमस्कार.