पुढची काच घरी बदलताना

हा तुकडा हातोहात मागे जाऊ द्या. कडांना टेप लावली आहे, तरी जपून धरा. गाडीच्या फुटलेल्या पुढच्या काचेतून कापलेला आहे. जाळीसारखे तडे गेलेत, पण एक कपचीही गळून पडत नाही. आडवा धरून कड बघितलीत तर दोन काचा दिसतील आणि मध्ये एक पातळ पारदर्शक पापुद्रा. तो पॉलिव्हिनाइल ब्युटिरल नावाच्या प्लास्टिकचा. या कल्पनेची सुरुवात 1903 साली झाली. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काचेचा एक चंबू खाली पडला. तो तडकला, पण विखुरला नाही, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळून बसला होता. 1909 साली त्यांनी त्यावर पेटंट घेतलं.

हे आधी सांगतोय, कारण ही काच वारा-पाऊस अडवण्यापुरती नसते. गाडी उलटली तर छपराला आधार देण्यात तिचा वाटा असतो. बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटसमोरची एअरबॅग फुगताना याच काचेवर टेकून माणसाकडे वळते. काच जागेवरून सुटली, तर एअरबॅग असून नसल्यासारखी. आणि आजच्या बहुतेक गाड्यांत काचेला जागेवर धरून ठेवतं ते फक्त चिकटवण. ना स्क्रू, ना पट्टी. खूप जुन्या गाड्यांत रबराच्या खोबणीत काच बसते, पण ते काम वेगळं आहे. आज चिकटवलेल्या काचेबद्दलच बोलतो.

हातात पैसे थोडे असताना हे काम घरी करावं का? करावं, असं माझं मत आहे. मजुरी वाचते, आणि ती बरीच असते. पण त्याआधी काच बदलणं खरंच गरजेचं आहे का, ते बघा. दगड लागून लहानसा टवका उडाला असेल, तो चालकाच्या नजरेसमोर नसेल आणि काठाजवळही नसेल, तर रेझिन, म्हणजे आत शिरून घट्ट होणारा पारदर्शक द्रव, भरून काम भागतं. टवका ताजा असतानाच भरावा, कारण धूळ-पाणी आत गेलं की रेझिन नीट धरत नाही. काठापर्यंत गेलेला तडा मात्र थांबत नाही. आरशामागे कॅमेरा असेल, म्हणजे गाडी स्वतः लेन ओळखते किंवा ब्रेक मारते अशी असेल, तर तो कॅमेरा नव्या काचेनंतर पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. ते घरी होत नाही. तो खर्च आधीच हिशोबात धरा, आणि परवडत नसेल तर घरी काच बदलायचा विचार सोडा.

काच मूळ कंपनीचीच हवी असं नाही. दुसऱ्या उत्पादकाची घेतली तरी चालते, फक्त कोपऱ्यात मानकाची खूण छापलेली असायला हवी. पावसाचा सेन्सर, अँटेना, गरम होणाऱ्या तारा, जे जुन्या काचेत आहे ते नवीत आहे ना, हे घेण्याआधी ताडून बघा. भंगारातल्या गाडीची काच स्वस्त पडते, पण ती अखंड निघणं कठीण. निघाली तरी काठ नखाने चाचपून पाहा. केसाएवढा तडा असेल तर पुढे तो वाढणारच.

आता उतरवणं. वायपर, त्याखालचं प्लास्टिकचं झाकण, कडेच्या पट्ट्या, आरसा हे सगळं सहज निघतं, त्यावर वेळ घालवत नाही. खरं काम तारेचं. टोच्याने चिकटवणात भोक पाडायचं, त्यातून वेणीसारखी पिळलेली पोलादी तार ओवायची, दोन टोकांना मुठी बांधायच्या. एकजण गाडीत, एकजण बाहेर, आणि करवतीसारखं आलटून पालटून ओढायचं. डॅशबोर्डवर जाड पांघरूण टाका, डोळ्यांना चष्मा आणि हातांत हातमोजे हवेतच. तार तापते, कोपऱ्यांत अडकते. घाई केली तर पत्र्याचा रंग कापत जाते, आणि ते महागात पडतं. का, ते सांगतो.

काच निघाली की चौकटीवर जुन्या काळ्या चिकटवणाचा उंच-सखल थर उरतो. इथे बहुतेकजण एक चूक करतात. सगळं खरवडून पत्रा लख्ख करायचा, अशी आपली मनाची सवय असते. तसं करू नका. धारदार पात्याने तो थर कापून 1 ते 2 मिलिमीटर जाडीचा सपाट पट्टा ठेवा. हे काळं चिकटवण म्हणजेच युरेथेन. नवं युरेथेन ताज्या कापलेल्या जुन्या युरेथेनला जितकं घट्ट धरतं, तितकं दुसऱ्या कशालाच नाही. मात्र जिथे रंग खरचटून पत्रा उघडा पडला असेल तिथे प्रायमर, म्हणजे चिकटवणाआधी लावायचा पातळ थर, लावायलाच हवा. नाहीतर चिकटवणाखाली गंज धरतो, आणि मग चिकटवण गंजाला धरून राहतं, पत्र्याला नाही. आधीपासूनच गंज असेल तर तो घासून, प्रायमर मारून, पूर्ण वाळवूनच पुढे जा. त्यात एक दिवस गेला तरी जाऊ द्या.

एका गाडीची काच उतरवताना दोन कोपऱ्यांत मला तार लावावीच लागली नाही. आतून तळव्याने रेटली आणि सुटली. आधी कुणीतरी पैसे वाचवायला साधं सिलिकॉन भरलं होतं. त्या गाडीत रोज दोन लहान मुलं बसत होती. ती काच हातात धरून मी बराच वेळ तसाच उभा होतो. म्हणून कळकळीने सांगतो, मजुरीत वाचवा, काचेत वाचवा, पण चिकटवण गाडीच्या काचेसाठीचंच युरेथेन घ्या. क्लीनर, प्रायमर आणि युरेथेन एकाच कंपनीचं असू द्या आणि नळीवरची मुदत तपासा. किती लागतं तेही मोजता येतं. काचेचा घेर साधारण 4 ते साडेचार मीटर. चिकटवणाची 8 मिलिमीटर रुंद आणि 12 मिलिमीटर उंच अशी त्रिकोणी धार धरली तर सुमारे 200 मिलिलिटर होतं. 310 मिलिलिटरची एक नळी पुरते, पण दुसरी जवळ ठेवा. अर्ध्या वाटेत नळी संपली तर काम तिथेच फसतं.

चिकटवण लावण्याआधी काच कोरडीच चौकटीत बसवून बघा. सगळीकडे सारखी फट आली की काच आणि छप्पर यांवरून आडवी टेप चिकटवा आणि फटीवर ती कापा. काच पुन्हा बसवताना टेपची दोन टोकं जुळली की काच जागेवर आली. मग काचेचा काळा काठ पुसा, प्रायमर लावा आणि त्यानंतर त्याला बोटही लावू नका. बोटाच्या तेलकटपणाने तिथलं चिकटणं कमी होतं. तो काळा काठ शोभेचा नाही. चिकटवणाला उन्हापासून तोच वाचवतो, म्हणून धार त्याच्या आतच राहायला हवी.

नोझलला इंग्रजी व्हीसारखी खाच कापा, गन उभी धरा आणि न थांबता एका वेगाने फिरवा. धार जिथे सुरू होऊन संपते तो सांधा कोपऱ्यात येऊ देऊ नका. सापासारखं वळण किंवा लाट असं काही दिसता कामा नये, धार सगळीकडे एका उंचीची हवी. वर साय धरायच्या आत काच ठेवायची असते, ती वेळ नळीवर लिहिलेली असते. दोघांनी सक्शन कपांनी काच धरून खालचा काठ आधी टेकवायचा आणि मग वरचा भाग हलकेच आत सोडायचा. कडेने तळव्याने दाबा, ठोकू नका. वर टेपच्या पट्ट्या लावा.

यानंतर हात न लावता थांबायचं, आणि लोक इथेच घाई करतात. युरेथेन हवेतल्या ओलाव्याने, बाहेरून आत असं घट्ट होत जातं. थंड, कोरड्या हवेत ते मंदावतं. काही युरेथेनना तासभर पुरतो, काहींना दिवस लागतो. नळीवर गाडी चालवण्याआधीचा जो वेळ दिला असेल तो पाळा. त्या वेळात दार जोरात आपटू नका आणि बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. बंद गाडीत दार आपटलं की आतल्या हवेचा दाब ओल्या चिकटवणाला बाहेर ढकलतो.

दुसऱ्या दिवशी टेप काढा. नळाचं पाणी जोर न लावता आधी खालच्या काठावर आणि मग हळूहळू वर सोडा. एकाने आत बसून टॉर्च घेऊन कोपरे बघायचे. थेंब दिसला तर तिथे खूण करा, ती जागा वाळवून बाहेरून युरेथेन भरा आणि पुन्हा पाणी सोडून पाहा. जोराच्या फवाऱ्याने गाडी धुणं मात्र आणखी दोन दिवस लांबवा.