वाहणं वेगळं, ताणणं वेगळं

(दृश्य: डायच्या, म्हणजे मशीनच्या साच्याच्या तोंडातून निघणारी पांढरी जाळी)

मशीनच्या आत होतं तोवर प्लास्टिक मधासारखं, आरपार दिसणारं. बाहेर आलं आणि बोटभर अंतरात दुधासारखं पांढरं होऊन फुगलं. फळांना घालतात ती ही फोमची जाळी. वरूड-मोर्शी पट्ट्यातलं पत्र्याचं शेड. बाहेर संत्र्याच्या बागा, आत हे एक मशीन. इथली बरीचशी संत्री अजून क्रेटमध्ये उघडीच जातात म्हणा, जाळ्या जास्त करून पपई-पेरूला.

कच्चा माल एलडीपीई हे प्लास्टिक, म्हणजे इथला 'दाना'. सोबत चिमूटभर टाल्कची भुकटी आणि दाबाखाली सोडलेला ब्यूटेन वायू. दाब आहे तोवर वायू वितळलेल्या प्लास्टिकात विरघळून राहतो. डायबाहेर दाब सुटला, की टाल्कच्या कणाकणाशी बुडबुडा धरतो. घनमीटरला ९२० किलो भरणारा माल फोम झाल्यावर पंचवीसेक किलोवर येतो.

(दृश्य: गोणीवरचा छापील आकडा)

हा एमएफआय, म्हणजे मेल्ट फ्लो इंडेक्स: वितळलेला माल किती वाहतो त्याचं माप. १९० अंशांवर, २.१६ किलो वजनाखाली, १० मिनिटांत ठरावीक भोकातून किती ग्रॅम माल गळतो, ते मोजतात. फोमसाठी साधारण २ च्या आसपासचा दाना घेतात. फार पातळ असला तर बुडबुड्याची भिंत फुटते, फार घट्ट असला तर फुगायलाच तयार नसतो.

पण आकडा फक्त वाहण्याचा. नागपूरकडे लांबपोळी करणाऱ्या बाईला विचारा: कणीक हातावरून ओघळली पाहिजे, आणि ओघळताना फाटता कामा नये. एलडीपीईच्या रेणूंना लांब फांद्या असतात. पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांच्या भाऱ्यातून एक काडी ओढा, चार सोबत येतात, तसं. एचडीपीई या दुसऱ्या प्लास्टिकचे रेणू जवारीच्या धांड्यांसारखे, सुळकन निसटतात. एमएफआय दोघांचा सारखा असला, तरी एचडीपीईच्या बुडबुड्याची भिंत ताणावर फाटते.

(दृश्य: चिमटीत ताणलेली जाळी, मग फरशीवर चपटा गोळा)

मशीनवरचे काका गोणी वाचत नाहीत, जाळी ओढून बघतात. "दाना पतला आला का जायी बसलीच समजा, भाऊ." हा गोळा त्याच सकाळचा. स्वस्तात आलेला रिप्रोसेस, म्हणजे वापरलेलं प्लास्टिक वितळवून केलेला दाना जरा जास्त मिसळला गेला होता.

ताजा माल काही दिवस मोकळ्या हवेत ठेवतात. ब्यूटेन निघून आत हवा शिरते. तोवर जवळ विडीसुद्धा पेटवायची नाही. वापरलेल्या जाळ्या पुढे बाजाराच्या मागच्या नाल्यात दिसतात, तेही आहेच.

(दृश्य: पॅकिंगची ओळ)

बोटांनी जाळीचं तोंड उघडायचं, पेरू आत ढकलायचा. आता पुढचा.