निळ्या गोल पेशींचा पेच

श्रोतेहो, नमस्कार.

मुलाच्या मांडीच्या हाडात गाठ आहे आणि बायोप्सीचा रिपोर्ट म्हणतो, 'मॅलिग्नंट स्मॉल राउंड सेल ट्यूमर', म्हणजे लहान गोल पेशींचा कर्करोग. हे निदान अर्धंच आहे. पाकिटावर नुसतं 'दादर' लिहावं, पूर्व की पश्चिम तेही नाही, तसं.

हिमॅटॉक्सिलिनच्या रंगानं पेशीचं केंद्रक निळं होतं. या पेशींत केंद्रकाभोवती फारसं काही नसतंच, त्यामुळे यूइंग सार्कोमा, लिंफोमा, स्मॉल सेल ऑस्टिओसार्कोमा, मेसेंकायमल काँड्रोसार्कोमा, हे कर्करोग वेगवेगळे असूनही सगळ्यांत निळे ठिपकेच दिसतात. शेवटच्या दोघांत कुठेतरी कच्चं हाड किंवा कूर्चा सापडते; पण सुईच्या बारीक तुकड्यात नेमकी तीच जागा येईल, असं नाही.

मग मार्कर लावतात, म्हणजे पेशीतली ठरावीक प्रथिनं रंगवून पाहतात. यूइंगमध्ये सीडी९९ हा मार्कर जवळजवळ प्रत्येक पेशीभोवती ठसठशीत कडं काढतो. मात्र लिंफोब्लास्टिक लिंफोमातही तो येतो, म्हणून हा लिंफोमा ओळखणारा टीडीटी मार्कर सोबत हवाच. एकट्या सीडी९९वर यूइंगचा शिक्का मारणं ही जुनी चूक आहे.

शेवटचा शब्द जनुकांचा. सुमारे ८५ टक्के यूइंगमध्ये ईडब्ल्यूएसआर१ आणि एफएलआय१ ही दोन जनुकं एकमेकांना जोडलेली असतात. नेहमीची फिश तपासणी, म्हणजे चमकत्या रंगानं जनुक पाहण्याची पद्धत, पहिलं जनुक तुटलंय एवढंच सांगते, कुणाशी जुळलंय ते नाही. २०२०च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सीआयसी आणि बीकोर या जनुकांतल्या बदलांवरून ओळखले जाणारे सार्कोमा यूइंगपासून वेगळे धरले आहेत. सीआयसीमध्ये सीडी९९ बहुधा तुटक येतो, डब्ल्यूटी१ आणि ईटीव्ही४ मात्र उमटतात. यूइंगच्या केमोला सीआयसी सार्कोमा तितकी दाद देत नाही, म्हणून हा फरक महत्त्वाचा.

घोळ बहुतेकदा मायक्रोस्कोपच्या आधीच होतो. हाड कापता यावं म्हणून त्यातलं कॅल्शियम ॲसिडनं काढतात. तीव्र ॲसिडनं डीएनएचे तुकडे होतात आणि फिश फसते. कॅल्शियम काढणारं दुसरं रसायन, ईडीटीए, सौम्य, पण दिवस घेतं. त्यापेक्षा मऊ तुकडे आधीच निवडून, ॲसिड न लावता, त्यांचा वेगळा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला ठोकळा, करावा. तुकडा टिकवणारं फॉर्मालिन १० टक्के, बफर केलेलं, तुकड्याच्या दहापट. चिमुकल्या बाटलीत कोंबलेला तुकडा आतून खराब होतो.

परळला टाटा हॉस्पिटलात दुसरं मत घ्यायला जाताना काचांबरोबर (स्लाइड्स) मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. नवे मार्कर त्यातूनच होतात. एक्स-रे आणि एमआरआयही न्या, गाठ हाडात नेमकी कुठे आहे ते काचेवर दिसत नाही. आणि ब्लॉक उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं.