रिझल्ट तयार आहे, पण कुठंय?

(सकाळ. लॅबमध्ये एकच स्क्रीन चालू.)

४८ सॅम्पल, प्रत्येकाच्या ५ स्टेप, म्हणजे २४० जॉब. रात्रभर क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या कॉम्प्युटरांचा ताफा, एकटंच राबत होतं, लॅबमध्ये कोणी नव्हतं, आणि आता स्क्रीनवर शेवटची ओळ हिरवी झालीय. संपलं. पण ही खुर्चीत बसलेली रिसर्चर अजून हलत नाहीये, कारण जॉब संपले हे तिला दिसतंय, फायली कुठायत ते दिसत नाहीये.

(फोल्डरची यादी, वर सरकणारी.)

ही नावं वाचून बघा. तीन एफ, त्याच्या आत आठ सी एक नऊ डी आणि पुढं नुसतीच अक्षरं आकडे, आधी २ मग ३०, एकूण ३२. ही नेक्स्टफ्लोची, म्हणजे अशा स्टेप आपोआप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची पद्धत, २०१३ पासून चालत आलेली. प्रत्येक जॉबला स्वतःचा वेगळा फोल्डर, त्याचं नाव माणसानं ठेवायचं नाही, इनपुट आणि स्क्रिप्ट मिळून जो हॅश, म्हणजे अक्षर-आकड्यांचा ठसा, निघतो तेच नाव. बघणाऱ्याला कचरा वाटतो पण ह्यात डोकं आहे, कारण उद्या रिझ्यूम लावून परत चालवलं आणि काही बदललं नसेल तर तोच हॅश निघतो आणि तो जॉब पुन्हा करावाच लागत नाही.

एक फोल्डर उघडूया. लपलेल्या फायली आहेत, नावाच्या सुरुवातीला टिंब. एकीत नेमकी चाललेली कमांड, एकीत लॉग, आणि ही एक, एक्झिटकोड, उघडली तर आत फक्त एक आकडा. शून्य. शून्य म्हणजे प्रोग्रॅम तक्रार न करता संपला, बस, एवढंच. फाईल पूर्ण लिहिली गेली का, योग्य जागी पोचली का, हे तो शून्य सांगत नाही आणि लोक नेमकं तेच त्याच्यात वाचतात.

मग हे २४० फोल्डर धुंडाळून कामाच्या फायली बाहेर काढायच्या कोणी? खरं सांगायचं तर कोणाचंच काम नसतं ते. पाइपलाइन, म्हणजे ह्या सगळ्या स्टेपची साखळी, लिहिणारा म्हणतो माझं झालं, वापरणारा म्हणतो मला फोल्डरमधलं कळत नाही, आणि मग शेवटी कोणीतरी घाईत चार ओळींची स्क्रिप्ट लिहितं.

ती स्क्रिप्ट आम्ही कॅमेऱ्यासमोर चालवून बघितली. शोध, सापडलं की कॉपी कर, पुढचं शोध. प्रत्येक सॅम्पलच्या रिपोर्टचं नाव एकच, रिपोर्ट डॉट एचटीएमएल. आता उजवीकडचा रिझल्ट फोल्डर बघा.

(४८ वेळा कॉपी. फोल्डरमध्ये फाईल एकच.)

एरर नाही, वॉर्निंग नाही, जी शेवटी आली ती उरली.

हे टाळायचं तर फाईलच्या नावातच सॅम्पलचा नंबर हवा आणि कुठली फाईल बाहेर यायला हवी हे पाइपलाइनमध्येच लिहिलेलं हवं, पहिल्या दिवशी, नंतर नाही. स्नेकमेक नावाचं नेक्स्टफ्लोसारखंच दुसरं सॉफ्टवेअर हे वापरणाऱ्याकडून जवळजवळ करूनच घेतं. तिथं उलटीकडून सुरुवात, मला शेवटी ह्या ह्या फायली हव्यात असं आधी सांगायचं आणि मग तो मागं मागं जात ठरवतो की कुठले जॉब लागतील. सांगितलेली फाईल सापडली नाही तर जॉब फेल. नेटवर्कवरच्या डिस्कला फाईल दाखवायला कधीकधी उशीर होतो म्हणून आपणहून ५ सेकंद वाट बघतो, आणि जॉब मधेच पडला तर अर्धवट लिहिलेली फाईल स्वतःच काढून टाकतो. मला हा हट्टीपणा आवडतो.

नेक्स्टफ्लोमध्येही सोय आहे, पब्लिशडिर, रिझल्ट कुठं ठेवायचा ते सांगायचं. पण इथं एक गंमत आहे आणि ती माहीत नसल्यानं भलेभले फसलेत. मोड सांगितला नाही तर फाईल कॉपी होत नाही, नुसती सिमलिंक बनते, म्हणजे रिझल्ट फोल्डरमध्ये पाटी लागते आणि माल त्या हॅशवाल्या वर्क फोल्डरमध्येच राहतो. पुढं डिस्क भरते, कोणीतरी म्हणतं वर्क फोल्डर डिलीट कर, टेम्पररीच तर आहे.

आम्ही मुद्दाम एक डमी रन घेऊन ते केलं.

(इथं निवेदन नाही. नावं एकामागून एक लाल होऊ द्या.)

यादी मोजली तर अजून ४८. उघडायला गेलं तर एकही नाही.

असं खरंच होतं का? क्योटो विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये जुने लॉग साफ करणारी स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्यावर नवी स्क्रिप्ट चढवली गेली आणि सुपरकॉम्प्युटरच्या स्टोरेजवरच्या सुमारे ७७ टेराबाइट, ३ कोटी ४० लाख फायली गेल्या. असो, पुढं.

(पुन्हा तीच रिसर्चर, दुसऱ्या दिवशी.)

ह्यावेळी मोड कॉपीवर आहे, नावांत सॅम्पल नंबर आहे, आणि सोबत ही एक साधी टेक्स्ट फाईल, प्रत्येक ओळीत एक चेकसम, म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून काढलेला ठसा, आणि एक फाईलचं नाव. बॅगइट नावाच्या पद्धतीतही हेच असतं, २०१८ मध्ये तिचा आरएफसी, म्हणजे तपशील जाहीर करणारा दस्तऐवज, निघाला, एका फोल्डरमध्ये डेटा आणि बाहेर यादी. मात्र हा चेकसम जिथं फाईल जन्मली तिथंच काढायचा. इकडं आणून मग काढलात तर तुटक्या फाईलचाही चेकसम छानच येतो, आणि तो पुढं कायम जुळत राहतो.

ती तपासणी चालवते. ओके, ओके, ओके. ३१ नंबरला अडकलं.

इथल्या फायली बॅम, म्हणजे डीएनएचा डेटा ठेवायच्या प्रकारातल्या, आणि बॅम फाईलच्या शेवटी २८ बाइटची एक ठरलेली खूण असते, फाईल इथं संपली असं सांगणारी. अशा फायली हाताळणाऱ्या सॅमटूल्सची क्विकचेक कमांड तीही बघते. ३१ मध्ये ती खूणच नाही, कॉपी चालू असताना डिस्कवरच्या जागेचा कोटा भरला आणि शेपूट तुटलं. जॉबचा एक्झिटकोड मात्र शून्यच, त्यानं त्याचं काम केलं होतं.

मूळ फाईल वर्क फोल्डरमध्ये शाबूत आहे, तीन एफ, आठ सी, तीच. थोडी जागा मोकळी करून परत कॉपी केली, परत तपासली. ४८ ओके. त्यानंतर मग तिनं वर्क फोल्डर डिलीटला लावला. त्याला बराच वेळ लागला, तो सगळा शॉट आम्ही ठेवलेला नाही.